नाक घासणे : वाक्यात उपयोग

तात्या शाळेच्या फाटकापाशी उभे होते. घाटकोपरच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवते, तिथं ते त्याआधी कधीच आले नव्हते. शिपायानं वर्गाच्या दारात येऊन सांगितलं, "मॅडम, खाली तुमच्या गावचे कुणी आलेत," तेव्हा मला वाटलं, एखाद्या मुलाच्या दाखल्याचं काम घेऊन कुणीतरी आलं असेल. खाली गेले तर तात्या. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि पायात चपला नाहीत. भांडुपहून ते तसेच अनवाणी आले होते आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मला बघून म्हणाले, "तुझी आते गेली गो." मी विचारलं, "कुठं गेली?" ... खरंच, तसंच विचारलं मी. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग मला कळलं.

त्याला आता सहा आठवडे होतील. पहाटे नळ आला, तिनं दोन हंडे भरून आत नेऊन ठेवले, तिसरी कळशी नळाखाली लावली आणि "जरा बसतंय" म्हणून पायरीवर बसली. कळशी भरून वाहायला लागली तेव्हा शेजारणीनं हाक मारली, "आक्का, पाणी चाललंय ना तुमचं." आते कधी पाणी वाया घालवणाऱ्यातली नव्हती. तेवढ्यावरूनच शेजारणीला कळलं, असं ती नंतर मला म्हणाली.

आते म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, शेवंती. तात्या तिचे यजमान. त्यांना मूलबाळ नव्हतं. कुडाळच्या पुढच्या आमच्या गावात कॉलेज नव्हतं, म्हणून दहावीनंतर वडिलांनी मला भांडुपला टेंभीपाड्यावर त्यांच्याकडे आणून सोडलं. एक खोली, तिच्यात मोरी, वर एक पोटमाळा. पोटमाळ्यावर मी आणि माझी पुस्तकं. पुढची सात वर्षं, लग्न होऊन घाटकोपरला येईपर्यंत, ते माझं घर होतं.

ती गेल्यावर शाळेतल्या सहकाऱ्यांनी मला एक पत्र दिलं. चांगलं पत्र होतं. त्यात एक वाक्य होतं, 'या निमित्ताने त्यांच्या आठवणींना उजाळा देऊ या.' ते वाचताना मला जरा अवघडल्यासारखं झालं. उजाळा हा सोनाराचा शब्द. दागिना काळवंडला की सोनाराकडे उजाळायला देतात. आमच्या घरी उजाळायला काही नव्हतं. आते आयुष्यभर जे करत होती त्याला आम्ही घासणं म्हणायचो. तांब्या घासायचा, दात घासायचे, नवीन पोळपाट वाळूनं घासून घ्यायचा. भाजीवाल्याशी घासाघीस करायची. भांडुप स्टेशनबाहेरच्या बाजारात तिची घासाघीस ऐकायला मी मुद्दाम तिच्याबरोबर जायचे. तिची आठवण लिहायची तर मला हाच शब्द घेऊन लिहावी लागेल. शिवाय या शब्दानं आमच्या घरात एकदा जे करून ठेवलं, ते मी घराबाहेर आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी आले तेव्हा तात्या गिरणीत होते. साच्यावर, म्हणजे मागावर काम करायचे. सोळा वर्षं झाली होती त्यांना. पाळी संपवून घरी आले की कानात कापसाचे तंतू असायचे आणि बोलायचे नेहमी मोठ्यानं, कारण खात्यातल्या खडखडाटात हळू बोलून चालत नसे. मग संप झाला. पहिले काही महिने तात्या सभांना जात होते, रात्री येऊन आतेला सगळं सांगत होते, आणि आम्हा सगळ्यांना वाटत होतं की आता होईल, गणपतीपर्यंत मिटेल, दिवाळीपर्यंत तरी मिटेल... वर्ष गेलं. चाळीतली दोन बिऱ्हाडं गावाला निघून गेली. एका संध्याकाळी आते भाकरी थापता थापता म्हणाली, "उद्यापासून मी मुलुंडाक जातलंय. दोन घरांची भांडी घासूची आसत." तात्या जेवले, हात धुतला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा ते दारातल्या पायरीवर बसले होते. तिला जागा द्यायला सरकले, पण वर बघितलं नाही.

दोनाची चार घरं झाली. संध्याकाळी ती यायची तेव्हा बोटांची टोकं पांढरी पडलेली असायची आणि अंगाला साबणाच्या वडीचा वास. मी एकदा तिला सांगितलं की कॉलेजात मुली मला 'घासू' म्हणतात. तिनं विचारलं, "म्हणजे काय गो?" मी म्हटलं, सारखी अभ्यास करणारी. ती हसली. म्हणाली, "मगे आपण दोगीय घासू." त्यानंतर रोज सकाळी चप्पल घालताना ती पोटमाळ्याकडे बघून म्हणायची, "चला घासू, कामाक लागा." तात्या पायरीवर बसून हे ऐकायचे. हसायचे नाहीत.

त्यांचं सगळ्यातून मनच उडालं होतं. दाढी करणं सोडलं. जेवायला हाक मारावी लागायची. दिवसभर पायरीवर बसून ते उताराखालच्या रस्त्याकडे बघत. कुणी विचारलं, काय तात्या, काय खबर, तर नुसता हात हलवत. संपाच्या दुसऱ्या वर्षी काही गिरण्या अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या. आत घ्यायचं तर माणसाला लिहून द्यावं लागे की झालं ते चुकलं, पुन्हा असं करणार नाही. चाळीतल्या दोघांनी लिहून दिलं आणि ते कामावर गेले. तात्यांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं नाही, पण एकदा जेवताना आतेला म्हणाले, "मी चोरी केलंय काय? मी कित्याक चुकलंय म्हणान लिवन देव?" तेवढंच.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, तात्या पाण्याच्या टँकरमागे गेले होते तेव्हा आते पोटमाळ्याची शिडी चढून वर आली. ती कधी वर येत नसे. माझ्या वहीशेजारी बसली आणि म्हणाली, "पैशाचा मी बघतंय गो. दोन वेळचा जेवण मिळता. पण माणूस गंजता, त्याचा काय करू?" मग तिनं सांगितलं की मी एक पत्र लिहायचं. तात्यांच्या नावानं, त्यांच्या खात्याच्या साहेबाला. तात्यांना कळू द्यायचं नाही. साहेबाचं बोलावणं आलं म्हणजे ते जातील, एकदा मागाचा आवाज कानावर पडला की सगळं विसरतील. "लिव, की हाताक कसब आसा, सोळा वर्सां काम केलेला आसा, परत घेवा. इतक्याच लिव. तुझा अक्षर चांगला."

इतकंच लिही, असं ती म्हणाली होती. हे मी मुद्दाम पुन्हा लिहिते आहे.

मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. माझ्या निबंधाला कॉलेजात बक्षीस मिळालं होतं. सोळा वर्षं काम केलं आहे, परत घ्या... हे मला पत्र वाटेना, निरोप वाटला. ती खाली गेल्यावर मी तो मजकूर घासूनपुसून घ्यायला बसले. 'कृपावंत' लिहिलं, 'सेवेशी सादर' लिहिलं. तीन कच्चे कागद झाले. चौथ्यावर एक वाक्य जमलं आणि मी त्याच्यावर फार खूष झाले. 'माझ्याकडून अजाणतेपणी घडलेल्या अपराधाबद्दल मी आपल्या दारी नाक घासून क्षमा मागत आहे.' वाक्प्रचार कसा चपखल बसला होता. कुणाचं नाक, कुणाच्या दारी, याचा विचार माझ्या मनात आला नाही. खाली तात्यांची सहीही मीच केली, त्यांच्या रेशनकार्डावरची बघून. आतेला वाचून दाखवलं नाही. तिनं विचारलं, "लिवलंस?" मी म्हटलं, "हो. छान झालंय." तिनं ते घडी करून पदरात बांधलं आणि पोस्टात टाकलं.

बोलावणं आलं. तात्यांना वाटलं, यादीनं सगळ्यांनाच बोलावत असतील, बघू तरी काय म्हणतात. त्या दिवशी त्यांनी दाढी केली. आतेनं त्यांचा शर्ट आदल्या दिवशीच धुऊन ठेवला होता. ते निघाले तेव्हा ती दारात उभी होती आणि मला तिचा चेहरा आठवतो. ज्याच्यासाठी तिनं हे केलं ते तिला मिळालं होतं, निदान तेवढी सकाळ.

तात्या दुपारीच परतले. पुढचं मी त्यांच्या तोंडून ऐकलं, पोटमाळ्यावर बसून. साहेबाच्या केबिनमध्ये आणखी चार कामगार उभे होते. त्यांतले दोघे तात्यांच्याच मागांच्या रांगेतले. साहेबानं पत्र काढलं आणि म्हणाला, बाकीच्यांनीही ऐका, माफी कशी मागायची असते ते. आणि ते वाक्य त्यानं मोठ्यानं वाचलं. नाक घासून. मग तात्यांना म्हणाला, उद्यापासून या. तात्या म्हणाले, हे मी लिहिलेलं नाही. साहेब म्हणाला, सही तुमची आहे. तात्या म्हणाले, सही पण माझी नाही... आणि बाहेर आले.

"ह्या कोणी केला?" त्यांनी विचारलं. आवाज अजिबात मोठा नव्हता. सोळा वर्षं मोठ्यानं बोलणारा माणूस इतकं हळू बोलू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

मी शिडीवर पाय ठेवला होता. खाली उतरून सांगायचं एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात आते म्हणाली, "मी केलंय. पोस्टाच्या भायर लिवणारो बसता ना, त्याच्याकडसून लिवन घेतलंय." तात्या म्हणाले, "माझा नाक माझ्या तोंडावर आसा. ता घासूचा की नाय, ता मी ठरवतलंय. तू कित्याक घासलंस?" तो शब्द तिनंही त्या दिवशी त्यांच्या तोंडूनच पहिल्यांदा ऐकला होता. पत्रात असं काही आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. तिनं एकदा वर माझ्याकडे बघितलं. अगदी एकदाच. आणि मान खाली घालून म्हणाली, "चुकला माझा."

मी पाय वर घेतला.

त्यानंतर तात्या तिच्याशी अकरा महिने बोलले नाहीत. भांडण नाही, आरडाओरडा नाही. जेवण वाढलं की जेवत, पाणी तापवलं की अंघोळ करत. काही सांगायचं असलं तर माझ्यामार्फत. "तिका सांग, रॉकेल संपला." तीही तशीच, "त्यांका सांग, जेवण वाढलाहा." दहा बाय बाराच्या खोलीत दोन माणसांमध्ये निरोप्याचं काम मी करत होते आणि प्रत्येक निरोपाबरोबर मला वाटायचं की आता सांगावं. पण जितके दिवस गेले तितकं ते अवघड होत गेलं. एकदा आते एकटी मोरीत बसलेली असताना मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "आते, ते पत्र..." ती म्हणाली, "राख दी गो थोडी." मी राख दिली. पुढं बोलू लागले तर म्हणाली, "तू परीक्षेचा बघ." तिला माझ्याकडून ते ऐकायचंच नव्हतं.

तात्या मात्र गिरणीकडे पुन्हा फिरकले नाहीत, आणि पायरीवरही बसले नाहीत. त्या दिवसांत मुलुंडला भराभर इमारती उठत होत्या. गावच्या एकानं त्यांना फरशी घासायच्या कामावर नेलं. मोझेकची फरशी बसवतात तेव्हा ती नुसती राखाडी दिसते. वरचा सिमेंटचा थर घासून काढला की आतला संगमरवरी दाणा उघडा पडतो, पांढरा, काळा, कुठं पिवळा. मधल्या भागात मशीन चालतं, पण भिंतीच्या कडेला आणि कोपऱ्यांत ते पोचत नाही. तिथं माणूस उकिडवा बसून हातात दगड घेऊन, पाणी टाकत टाकत घासतो. आधी जाड दगड, मग बारीक, शेवटी पॉलिश. तात्यांना कडेचं काम मिळालं. पंचेचाळिशीच्या माणसाला. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा गुडघ्यांपर्यंत सिमेंटचा राडा सुकलेला असायचा. आते काही न बोलता पाणी तापवून ठेवायची. आता त्या घरात दोघंही दिवसभर घासून येत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

ते कसं सुटलं, ते सांगते. मुलुंडच्या ज्या इमारतीचं काम तात्यांनी केलं होतं तिथं माणसं राहायला आली आणि त्यांतल्या एका घरी, सुटलेल्या एका घराच्या जागी, आतेला काम मिळालं. भांडी आणि फरशी पुसणं. पहिल्याच दिवशी तिनं घरी येऊन मला सांगितलं, तात्या समोर बसलेले असताना, "त्यांका सांग, हॉलातल्या खिडकीखालची येक फरशी नीट घासूक नाय." मी सवयीनं तात्यांकडे बघितलं. ते ताटावरून मान वर न करता म्हणाले, "तिका सांग, ती फरशी घासूक येणाच नाय. बिल्डरच्या माणसान बसवतानाच वाकडी बसवल्यान."

"वाकडी आसली म्हणान काय झाला? हातान घासूची होती. फडक्याक लागता."

"तू माका घासूक शिकवतंस?"

"मगे? दिवसाक चार घरांची घासतंय मी."

मी तोंड उघडलं होतं निरोप द्यायला. मग लक्षात आलं की दोघंही माझ्याकडे बघत नाहीत. ते एकमेकांकडे बघत होते. तात्यांच्या हातातला घास तसाच होता. मग आतेनं विचारलं, "भात वाढू?" आणि ते म्हणाले, "वाढ." मी शिडी चढून वर गेले आणि उशीत तोंड खुपसून रडले.

पुढच्या रविवारी तात्या पिशवीत दोन दगड घेऊन तिच्याबरोबर मुलुंडला गेले. त्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, एवढ्याशा टाईलसाठी कशाला आलात? आमच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं." तात्या म्हणाले, "काम माझं आहे, वहिनी." तासभर ते खिडकीखाली बसून घासत होते आणि आते आत मोरीत भांडी घासत होती. मला हे तिनंच सांगितलं. म्हणाली, "मी हातातला टोप ठेवलंय आणि नुसता आयकत बसलंय. काय बारीक आवाज येता गो दगडाचो." तिच्या सगळ्या बोलण्यात नवऱ्याचं कौतुक म्हणता येईल असं हे एकच वाक्य मी ऐकलं.

पुढं मी शिक्षक झाले. नोकरी लागली, लग्न झालं. तात्यांना पुढं मशीनवर घेतलं, त्यांच्या हाताखाली दोघं आले. आते चार घरं करतच राहिली. मी म्हटलं, आता पुरे, तर म्हणायची, "बसान काय करू?" आणि माझ्या वाट्याला दरवर्षी तो धडा यायचा. वाक्प्रचार, अर्थ आणि वाक्यात उपयोग. नाक घासणे, म्हणजे शरण जाणे, लाचारीने विनवणी करणे. मुलं मार्गदर्शकातलं वाक्य पाठ करून लिहितात, शत्रूने राजापुढे नाक घासले. गेल्या वर्षी एका मुलीनं लिहिलं, 'माझ्या आईने माझ्या ॲडमिशनसाठी बाईंपुढे नाक घासले.' मी पेन हातात घेऊन किती वेळ बसले होते कोण जाणे. पूर्ण गुण दिले. वर्गात मात्र मी तिला उभं करून विचारलं, "तू आईला हे वाक्य दाखवलंस का?" ती म्हणाली, "नाही, बाई." मी म्हटलं, "नको दाखवूस." तिला काही कळलं नसणार.

त्या रविवारी मी भांडुपला गेले, ठरवून. आतेला म्हटलं, आता तरी तात्यांना खरं सांगते. इतकी वर्षं तू माझं अंगावर घेतलंस. ती तांदूळ निवडत होती. खडे बाजूला काढता काढता म्हणाली, "ता वाक्य तुझा होता, पण पत्र माझा होता ना? मग?" आणि सूप झटकून उठली. तिच्या दृष्टीनं ते तिथंच संपलं होतं. आता वाटतं, मी तिचं न ऐकता त्याच दिवशी सांगायला हवं होतं, ती समोर असताना.

सांगितलं ते तिच्या बाराव्याला. पाहुणे गेले होते. खोलीत तात्या आणि मी. मी म्हटलं, "तात्या, ते पत्र मी लिहिलं होतं. सहीसुद्धा मीच केली. त्यातलं ते वाक्य आतेला ठाऊक नव्हतं."

ते म्हणाले, "माका म्हायत आसा."

मी विचारलं, "कधीपासून?"

"त्याच दिवशी. सायबान वाचल्यान आणि कागद माझ्या हातात दिल्यान. क्षमेतलो क्ष बघितलंय. तसो शेपटीचो क्ष तूच काढतंस. रोज तुझ्या वह्यो बघी होतंय मी."

मग अकरा महिने तिच्याशी अबोला कशासाठी, एवढं कसंबसं विचारलं. तात्या मग म्हणाले की तुझ्यावर रागावलो असतो तर तू दुसऱ्या दिवशी पेटी उचलून गावाला गेली असतीस, कॉलेज सुटलं असतं. राग तर होता, तो कुठंतरी जायला हवा होता. तिनं आपण होऊन स्वतःला पुढं केलं, मी तो तिच्यावर काढला. "ती खोटा बोलता ता माका कळत होता. माका कळलाहा, ता तिका कळला काय... ता मात्र माका म्हायत नाय. मी कधी विचारूक नाय. विचारूक होया होता." असं म्हणून त्यांनी डोळे पुसले, शर्टाच्या बाहीनं, आणि विचारलं, तुझी जायची वेळ झाली का.

गेल्या रविवारी पुन्हा गेले तर खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, "तात्या ना? ते सकाळचे मुलुंडला जातात. रोज. तुम्हाला बोलले नाहीत?" तिनं पत्ता दिला. जुनी दुमजली इमारत, तळमजल्यावरचं दार नुसतं लोटलेलं. आत खुर्चीत एक ऐंशीच्या पुढच्या आजी बसल्या होत्या. हात सारखे थरथरत होते. आते काम करायची त्या चार घरांतलं हे एक. तात्या पंधराव्या दिवशी ती आता येणार नाही असं सांगायला चारही घरी गेले होते. तीन घरांनी दुसरी बाई बघितली होती. या आजींकडे बदलीची बाई टिकली नव्हती, तीन दिवसांची भांडी मोरीत पडून होती.

तात्या मोरीत पाटावर बसले होते, बाह्या दुमडून. मला बघून चमकले नाहीत. एक टोप उपडा करून ते त्याचं बूड घासत होते. बायका आधी आतून घासतात आणि बूड शेवटी, किंवा नाहीच. आते बुडापासून सुरुवात करायची. मी हळू आवाजात म्हटलं, "तात्या, चाळीत कळलं तर लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतले? घासता म्हणतले."

बाहेरून आजींनी विचारलं, "अहो, कोण आलंय?"

तात्यांनी टोप माझ्याकडे सरकवला आणि जरा मोठ्यानं, साच्यावर बोलायचे तसं, बाहेर ऐकू जाईल असं म्हणाले, "आमची मुलगी आहे. घाटकोपरला शिकवते."

मी पदर खोचून नळापाशी बसले. ते घासून एकेक भांडं देत गेले, मी विसळून पालथं घालत गेले.